उत्कटतेची ऐंशी पानं

तुर्गेन्येव्हच्या 'पहिलं प्रेम' या दीर्घकथेत सोळा वर्षांचा मुलगा शेजारच्या झिनाइदावर जीव लावतो आणि हळूहळू त्याच्या ध्यानात येतं, की ती त्याच्याच वडिलांच्या प्रेमात पडली आहे. एकदा तो दोघांना लांबून पाहतो. बोलता बोलता वडील तिच्या उघड्या हातावर चाबूक मारतात. ती ओरडत नाही. हात वर नेते आणि उमटलेल्या वळावर ओठ टेकते. ती असं का करते, याचं स्पष्टीकरण लेखक देत नाही. १८६० सालची ही कथा आजही वाचणाऱ्याला तिथेच थांबवते.

एवढी ताकद या लांबीच्या लेखनात येते कुठून? १८२७ साली आपला सहायक एकरमान याच्याशी बोलताना गटे म्हणाला होता, की अशा कथेचा गाभा म्हणजे प्रत्यक्ष घडलेली, पण पूर्वी कधी न ऐकलेली एक घटना. कादंबरीत माणसाला शेतीवाडी, नातलग, राजकारण, म्हातारपण असं सगळं असतं. लघुकथेत एखादा क्षण उजळतो आणि विझतो. ऐंशी-शंभर पानांत मात्र एकच आवेग सुरुवातीपासून नाशापर्यंत पाहता येतो, आणि वाचकाला मध्ये उठून जायला जागा राहत नाही.

युरोपातल्या लेखकांनी आणखी एक गोष्ट ओळखली. आवेगाची गोष्ट सांगायला ऐकणारा लागतो, आणि तोही परका. मेरिमेच्या 'कार्मेन'मध्ये (१८४५) डॉन होसे मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात आपली कहाणी सांगतो. टॉल्स्टॉयच्या 'क्रॉयट्झर सोनाटा'त बायकोचा खून केलेला माणूस रेल्वेच्या डब्यात अनोळखी प्रवाशापुढे मन मोकळं करतो. श्टेफान झ्वाइगच्या 'अमोक'मधला डॉक्टर (१९२२) कलकत्त्याहून निघालेल्या प्रवाशाला बोटीच्या डेकवर, रात्रीच्या काळोखात गाठतो. बोलणाऱ्याजवळ आता गमवायला काही उरलेलं नसतं, म्हणून तो खरं बोलतो.

मराठीत नेमकं इथेच अडतं. आपला निवेदक बहुधा घरातच असतो. आई, वहिनी, भाऊबंद, गाव त्याच्या कानाशी आहेत, आणि उद्या त्यांच्यातच जेवायचं आहे. आवेग मग संकोचाने बोलतो किंवा विनोदाचा आडोसा घेतो. ग्रामीण साहित्यात शृंगार बराच काळ तमाशाच्या फडाकडे सोपवलेला होता.

बारामतीच्या वाङ्मयीन परंपरेतही ही फट दिसते. मोरोपंतांनी आयुष्याचा मोठा भाग कऱ्हेकाठी घालवला आणि १७९४ साली तिथेच देह ठेवला. त्यांच्या आर्यांवर कीर्तनकारांची रात्र रंगायची. लावणीकार रामजोशी त्यांना भेटले आणि कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, तिच्यात मला आपल्या साहित्याचा नकाशा दिसतो. एका बाजूला लावणी, काही मिनिटांत देह पेटवणारी. दुसऱ्या बाजूला आख्यान, रात्रभर चालणारं. मधली लांबी, जिथे प्रेमाचे परिणाम भोगावे लागतात, ती मोकळीच राहिली.

ती भरण्याचे जे प्रयत्न झाले ते थोडे आहेत, पण अस्सल आहेत. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'रात्र काळी, घागर काळी', 'अजगर', 'चानी' या लहान कादंबऱ्यांत वासना कोकणातल्या अंधारासारखी माणसांना वेढते. कमल देसाईंच्या 'काळा सूर्य'मधली ओढ प्रेमाच्याही पलीकडची, जवळजवळ विध्वंसाची आहे. आणि गौरी देशपांडे. त्या शेवटच्या वर्षांत नीरा नदीपलीकडे, फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला राहिल्या. बारामतीकर-इंदापूरकरांच्या इतक्या जवळ मराठीतली ही सर्वांत धीट प्रेमकथाकार राहून गेली, आणि तिची आठवण या भागात जेवढी जागती असायला हवी तेवढी नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'एकेक पान गळावया' (१९८०) या पुस्तकातली 'कारावासातून पत्रे' ही दीर्घकथा झ्वाइगच्या 'अनोळखी स्त्रीचं पत्र'शेजारी ठेवून वाचावी. झ्वाइगची स्त्री आयुष्यभर एका पुरुषावर प्रेम करते. त्याला ती आठवतसुद्धा नाही. तिचं पत्र हाती पडतं ते मरणानंतर. वाचताना गळा दाटतो, पण तिचं सगळं मोठेपण झिजण्यात आहे. गौरीची स्त्री तेवढ्याच तीव्रतेने प्रेम करते आणि त्याच वेळी विचारही करते, पुरुषाला तोलते, स्वतःलाही सोडत नाही. 'तेरुओ'तही हेच. उत्कटता आणि बुद्धी एकाच बाईत नांदू शकतात, हे गौरीने मराठीला दाखवलं. माझ्या मते इथे ती झ्वाइगच्या पुढे आहे.

पण या पुस्तकांची नावं पाहा: 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत', 'दुस्तर हा घाट आणि थांग', 'काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई'. एकेकटी कथा पुस्तक म्हणून उभी राहील, असा भरवसा आपल्या प्रकाशनव्यवहाराला वाटला नाही. दोन-दोन एकत्र बांधल्या गेल्या. वाचक मग एकीतून बाहेर येण्याआधीच दुसरीत शिरतो. असल्या कथेनंतर कोरी जागा लागते.

पुढे २००६ साली सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आली. पुण्यातल्या एका घरातले भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. आधी भाऊ बोलतो, मग बहीण. तुर्गेन्येव्हच्या बाप-लेकाची आठवण यावी अशी ही रचना, तरी सगळं घर अस्सल मराठी मध्यमवर्गीय. घराच्या कानाशी बसूनही निवेदक खरं बोलू शकतो, हे या पुस्तकाने सिद्ध केलं.

इंदापूरच्या बाजूची मोठी प्रेमकथा मात्र कागदावर उतरलीच नाही. उजनीच्या फुगवट्याच्या एका काठाला इंदापूर तालुका, पलीकडे करमाळा. त्या करमाळ्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे. २०१६ साली त्यांनी 'सैराट' केला. पाटलाची मुलगी अर्ची, मच्छीमाराचा मुलगा परश्या, पाणी, ऊस, पळून जाणं, परक्या शहरातला संसार आणि शेवटी रक्ताने माखलेली लहान पावलं. गटेला अभिप्रेत असलेली घटना हीच. या चित्रपटाचं मोल मोठं आहे. पण अर्चीच्या मनात हैदराबादच्या त्या खोलीत काय चाललं होतं, परश्याने हात उचलला तेव्हा तिला त्याच्यात स्वतःचे वडील दिसले का, हे कॅमेरा सांगू शकत नाही. ते काम गद्याचं. साखर कारखान्याच्या सभासदत्वावर, एकरांवर आणि जातीवर जिथे लग्नं ठरतात, त्या पट्ट्यात प्रेम ही अजूनही जिवावरची गोष्ट आहे. युरोपातल्या लेखकाला असली सामग्री शोधत फिरावं लागलं असतं.

या लांबीला मराठीत घर होतं ते दिवाळी अंकांचं. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून दीर्घकथेला तिथे पानं मिळत आली. आता बऱ्याच अंकांत ती पानं परिसंवाद आणि मुलाखती खातात. संपादकांना माझी विनंती आहे, की दर अंकात निदान एक साठ पानांची कथा छापा, आणि ती कापू नका. आणि बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांत लिहू पाहणाऱ्या मुलामुलींनो, 'पहिलं प्रेम', 'कारावासातून पत्रे' आणि 'कोबाल्ट ब्लू' एकापाठोपाठ वाचा, मग आपल्या गावात घडलेलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं आणि कुणीच न बोललेलं एक प्रकरण लिहायला घ्या.