‘पाठलाग’ : पुरावा आणि ओळख

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्या एकीला एक लागून आहेत. त्यांपैकी एका पेढीवर बसलो असता झुमक्यांवरून गोष्ट निघाली, आणि सराफ महाशयांनी ‘मेरा साया’चा विषय काढला. राज खोसला यांच्या १९६६ सालच्या त्या चित्रपटातील बरेलीच्या झुमक्याचे गाणे या बाजारात कोणाला ठाऊक नाही! परंतु त्या चित्रपटाचे मूळ राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ या १९६४ सालच्या मराठी चित्रपटात आहे, हे ऐकून त्यांना नवल वाटले. कचेरीतील दोघा मराठी स्नेह्यांनाही ते माहीत नसावे, याचे मला त्याहून अधिक नवल वाटले.

याला कारणही आहे. राजाभाऊंचे नाव निघाले की ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘जगाच्या पाठीवर’ हेच आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या हास्याने आणि करुणेने त्यांच्या रहस्यपटाला झाकून टाकले आहे.

जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर ‘पाठलाग’ आधारलेला आहे. एका नामांकित वकिलाची पत्नी मरण पावते. त्यानंतर गुन्हेगार म्हणून पकडलेली एक स्त्री पुढे येते. तिचा चेहरा हुबेहूब पत्नीचा, आणि ‘मीच तुमची पत्नी’ हा तिचा दावा. वकिलाच्या भूमिकेत काशिनाथ घाणेकर आहेत, तर स्त्रीच्या भूमिकेत भावना. पतिपत्नींच्या एकांतात घडलेल्या गोष्टी ती भर न्यायालयात सांगू लागते, तेव्हा प्रेक्षकाचा विश्वास क्षणोक्षणी या पारड्यातून त्या पारड्यात जातो.

‘ही कोण?’ हा प्रश्न कोणताही रहस्यपट विचारील. परांजपे त्याच्या पलीकडे जातात. ज्याने आपल्या डोळ्यांनी मृत्यू पाहिला, त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवावा की ऐकलेल्या आठवणींवर? वकिलाचा सारा जन्म पुराव्यावर गेला; आणि येथे पुरावा जितका भक्कम, तितके मन अधिक डळमळते. तिला खोटे ठरवावे, तर कदाचित आपल्याच पत्नीला तुरुंगात धाडावे लागेल. खरे मानावे, तर आपलाच शोक खोटा ठरेल. चित्रपटातील खरे भय येथे आहे, अंधारात किंवा पाठलागात नाही.

आम्हां कारकून मंडळींना हे भय परके नाही. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ सालापासून तो बोटाच्या ठशावरून संगणकाद्वारेही देता येतो. वृद्धापकाळी झिजलेला ठसा यंत्राला पटला नाही की, समोर बसलेला, नावानिशी ओळखीचा गृहस्थ ‘अहो, मीच तो’ असे काकुळतीने सांगतो. त्याला आपण ओळखतो. पण आपली ओळख हा पुरावा नव्हे. ‘पाठलाग’ पाहिल्यापासून त्या वाक्याशी माझी लेखणी अडखळते.

हिंदी आवृत्तीला रंग, राजवाडे आणि मदनमोहन यांचे अविस्मरणीय संगीत लाभले. मराठी चित्रपट कृष्णधवल आहे आणि ते त्याच्या पथ्यावर पडले आहे. डोळे दिपविणारे काही नसल्यामुळे आपले लक्ष चेहऱ्यावरून ढळत नाही. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशा भोसले यांचा स्वर यांतून गेलेल्या पत्नीचे सान्निध्य भासते. गाणे येथे कथेला थांबवीत नाही, उलट पतीच्या शंकेला खतपाणी घालते.

दोष नाही असे नाही. अखेरीस रहस्य उलगडणारी युक्ती जुनीच आहे, आणि एवढ्या गंभीर प्रश्नाला ती फारच सोयीचे उत्तर देते. तथापि उत्तर कळल्यावरही चित्रपट पुन्हा पाहावासा वाटतो, यातच त्याचे मोठेपण आहे. ज्या रहस्यपटाचे सारे सामर्थ्य उलगड्यात असते, तो दुसऱ्यांदा कोण पाहतो?

सराफाची कसोटी सोन्याचा कस सांगते. माणसासाठी तसा दगड अद्याप कोणाला सापडलेला नाही. वाचकांनी सवडीने ‘पाठलाग’ अवश्य पाहावा, आणि हिंदीभाषी शेजाऱ्यालाही सोबत बसवावे.