यादी कुणाची, तारीख कुणाची?

मंडळी, पूर्णगडचा मतदार लोकसभेला मत देतो, विधानसभेला देतो, जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतीलाही देतो. बोट एकच, शाई एकच. पण मताची राखण करणारे हात वेगवेगळे. असं का झालं हे बघायला आज आम्ही एक भाषण वाचायला घेतलंय. 15 जून 1949 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत केलेलं. आंबडव्याचं मूळ, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला माणूस.

मूळ मसुद्यातल्या कलम 289 मध्ये केंद्राला एक आयोग आणि प्रांतांना त्यांचे वेगळे आयोग होते. बाबासाहेबांनी ते बदललं आणि सगळी सूत्रं एका आयोगाकडे दिली. कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं: काही प्रांतांत वंशाने, भाषेने, संस्कृतीने ‘आपले’ नसलेल्यांची नावं मतदारयादीतून गाळली जात होती. म्हणजे भीती प्रांतिक सरकारांची होती. पण उपाय म्हणून त्यांनी यादी दिल्लीच्या मंत्र्याच्या हातात दिली नाही, आयोगाच्या हातात दिली. भाषणाचं खरं बळ इथे आहे. आज आपल्या बंदरावर येऊन स्थायिक झालेल्या परप्रांतीय नागरिकाचं नाव कुणाला भाषेवरून खोडता येत नाही. मुंबईच्या चाकरमान्यालाही नियम तोच: 1950 च्या कायद्यानुसार गावात नुसतं घर असून भागत नाही, सर्वसाधारण वास्तव्य लागतं.

आता उणिवा. पहिली त्याच चर्चेत निघाली. आयुक्त नेमणार कोण? शिब्बनलाल सक्सेनांनी संसदेच्या दोन-तृतीयांश संमतीची सूचना केली होती. नालायक किंवा सरकारच्या मुठीतला माणूस त्या खुर्चीत बसू नये अशी तरतूद मसुद्यात नाही, हे बाबासाहेबांनी मान्य केलं, पण प्रश्न पुढे ढकलला. तो 2023 पर्यंत लोंबकळला. त्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश अशी समिती सांगितली. डिसेंबरच्या कायद्याने सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री बसवला. समितीत बहुमत सरकारचंच झालं.

दुसरी उणीव आपल्या अंगणातली. त्या भाषणाच्या कक्षेत संसद आणि विधिमंडळं होती, पंचायती नव्हत्या. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत जागा दिली, आणि 1949 साली टाळलेली रचना मागच्या दाराने परत आली: राज्याचा वेगळा निवडणूक आयोग. यादी विधानसभेचीच वापरतात, ती सुरक्षित राहिली. तारीख मात्र उघड्यावर पडली.

परिणाम आपण भोगलाय. 2017 साली निवडलेल्या रत्नागिरी जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पाच वर्षं संपण्याआधी निवडणूक व्हायलाच हवी, असं कलम 243-ई सांगतं. तरी ओबीसी आरक्षणाचा वाद निघाला, प्रभागरचनेचा अधिकार विधिमंडळाने आयोगाकडून सरकारकडे घेतला, न्यायालयाने ‘जैसे थे’ म्हटलं. अखेर 6 मे 2025 रोजी त्याच न्यायालयाला चार आठवड्यांत अधिसूचना काढा असं बजावावं लागलं. तीन वर्षांहून अधिक काळ झेडपीच्या शाळेचं छप्पर गळलं तर विचारायचं कुणाला? प्रशासकाला. आणि प्रशासकाला मत मागायला दारात यावं लागत नाही.

कुणी म्हणेल, मग सगळंच दिल्लीकडे द्या. आम्हाला ते पटत नाही. बाबासाहेबांचा धडा ‘दिल्लीकडे द्या’ असा नाहीच. ज्याला निवडणूक हरायची भीती आहे, त्याच्या हातात निवडणुकीची कळ देऊ नका, असा आहे. तो धडा दिल्लीलाही लागू, मुंबईलाही. प्रभागरचना राज्य आयोगाकडे परत द्यावी आणि आयुक्ताच्या नेमणुकीत विरोधकालाही जागा असावी. यादीत नाव असणं हा अर्धा हक्क झाला. उरलेला अर्धा म्हणजे ते नाव वेळेवर पुकारलं जाणं.