सहा आठवडे आणि चौदा वर्षे

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांचे वटहुकुमांवरील पुस्तक १९८३ साली प्रसिद्ध झाले. वटहुकूम पुन्हापुन्हा काढणे ही राज्यघटनेशी केलेली लबाडी आहे, असे त्याच्या इंग्रजी शीर्षकातच म्हटले होते. संशोधकाने एवढा कडक शब्द वापरावा का, असे वाटू शकते. आतले आकडे पाहिले की तो शब्द सौम्यच वाटतो.

अनुच्छेद २१३ नुसार विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राज्यपाल वटहुकूम काढू शकतात. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही. म्हणजे वटहुकुमाचे आयुष्य फार तर साडेसात महिने. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले आणि त्यांतले काही चौदा वर्षांपर्यंत जगले. उसाच्या पुरवठ्याचा वटहुकूम तर तेरा वर्षे अकरा महिने टिकला. अधिवेशन संपले की संसदीय कामकाज खात्याचे पत्र सर्व सचिवांकडे जाई : आपापले वटहुकूम पुन्हा काढून घ्या. परवान्याचे नूतनीकरण करावे, तसा हा कारभार!

वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा या गृहस्थांचा संबंध काय, असा आक्षेप सरकारने घेतला. न्या. भगवती यांच्या पाच सदस्यीय पीठाने तो फेटाळला. निकाल डिसेंबर १९८६ मध्ये लागला, वाधवांना दहा हजार रुपये खर्चही मिळाला. पण माझ्या मते निकालाचा कणा एका सवलतीने वाकला. सभागृहापुढे काम फार असेल, तर वटहुकूम पुन्हा काढता येईल, असे न्यायालयाने म्हटले. काम फार नाही, असे कोणते सरकार सांगेल?

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. ज्या सभागृहाचा अधिकार हिरावला जात होता, त्याने दाद मागितली नाही. ती मागायला पुण्याहून अभ्यासक यावा लागला. सत्तेची वाटणी करताना प्रत्येक अंग आपला वाटा राखील, असे गृहीत धरलेले असते. बहुमत ज्याचे, सरकारही त्याचेच, अशा संसदीय पद्धतीत हे गृहीतक कच्चे आहे. निकालात याचा विचार जवळजवळ नाही.

बिहारनेच पुढे पुरावा दिला. १९८९ पासून वटहुकुमांच्या मालिकेने ४२९ संस्कृत शाळा सरकारने ताब्यात घेतल्या. एकही वटहुकूम सभागृहापुढे ठेवला गेला नाही. जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ते सर्व अवैध ठरवले आणि सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक असल्याचे सांगितले. शाळांतल्या कर्मचाऱ्यांना मिळालेला पगार परत घेऊ नये, एवढी दया दाखवली. त्यांची सरकारी नोकरी मात्र पंचवीस वर्षांच्या वादानंतर कागदावरूनही गेली.