कपाट आठवले, माणूस विसरले

अंतोन चेकॉव्हचे ‘द चेरी ऑर्चर्ड’ हे अखेरचे नाटक १९०४ च्या जानेवारीत मॉस्को आर्ट थिएटरने रंगभूमीवर आणले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये लेखकाने इहलोकीचा निरोप घेतला. चेकॉव्हच्या मते ही सुखात्मिका होती. दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीला मात्र तीत शोकांतिका दिसली. हा मतभेद नाटकाच्या विषयातच दडलेला आहे. वस्तूंवर जीव जडणे हे हसण्याजोगे की रडण्याजोगे, याचा निर्णय आपल्याला स्वतःच्या घरातही करता येत नाही.

कथानक साधे आहे. कर्जात बुडालेली जमीनदारीण रानेवस्काया पाच वर्षांनी पॅरिसहून घरी परतते. ऑगस्टमध्ये इस्टेटीचा लिलाव ठरलेला असतो. चेरीची बाग तोडून तेथील जमीन उन्हाळी बंगल्यांसाठी भाड्याने द्यावी, म्हणजे इस्टेट वाचेल, असे व्यापारी लोपाखिन सुचवतो. तिला आणि तिचा भाऊ गायेव याला ही कल्पना सहन होत नाही. अखेर लिलावात लोपाखिनच ती विकत घेतो. त्याचे वडील व आजोबा याच इस्टेटीवर भूदास होते. त्यांना स्वयंपाकघरातदेखील प्रवेश नव्हता.

पहिल्या अंकात गायेव शंभर वर्षे जुन्या पुस्तकांच्या कपाटाला उद्देशून भाषण करतो आणि प्रेक्षक हसतात. मला त्यात निव्वळ वेडेपणा दिसत नाही. या घराने पिढ्या पाहिल्या आहेत. रानेवस्कायाचा सात वर्षांचा मुलगा येथल्याच नदीत बुडून मरण पावला आहे. तिच्या लेखी येथील प्रत्येक वस्तू साक्षीदार आहे. वसईकडे वाडी विकून सदनिकेत राहायला गेलेल्या कुटुंबांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आजीच्या पेटीला नव्या घरात जागा उरत नाही, तेव्हा डोळ्यांत येणारे पाणी खरेच असते.

परंतु चेकॉव्ह येथे थांबत नाही. त्याच अंकात रानेवस्काया कपाटाचे चुंबन घेते, टेबलाला लाडाने हाक मारते. तेवढ्यात भाऊ सांगतो की, तू नसताना आपली दाई वारली. ती खाली बसते, कॉफी पिते, मृतात्म्यासाठी दोन शब्द उच्चारते आणि हे पत्रातून कळले होते, असे म्हणते. विषय तेथेच संपतो. प्रयोगात हा प्रसंग सहज निसटून जातो, पण माझ्या मते नाटकाचा शेवट त्याच्यावरच उभा आहे.

त्रोफिमोव्ह हा विद्यार्थी आन्याला बजावतो की, बागेच्या पानापानांतून भूदासांचे चेहरे तुझ्याकडे पाहत आहेत. त्याची भाषणे लांबतात आणि हा नाटकाचा दोष म्हणावा लागेल. पण विचार मोलाचा आहे. जी वस्तू आपल्या आठवणी जपते, ती दुसऱ्याचे कष्टही जपत असते.

शेवटच्या अंकात ८७ वर्षांचा सेवक फिर्स आजारी आहे. त्याला इस्पितळात पोहोचवले असेल, असे प्रत्येकजण गृहीत धरतो; कारण एकाने दुसऱ्याला सांगितलेले असते. रिकाम्या घरात भाऊबहीण एकमेकांना मिठी मारून हुंदके देतात. मग दारांना कुलपे लागतात आणि फिर्स आतच राहून जातो. तेव्हाही त्याला काळजी असते ती मालकाने फरचा कोट न घालताच प्रवासाला निघाल्याची. बाहेर झाडांवर कुऱ्हाड पडू लागते.

या घरात दुष्ट कोणीच नाही. त्यांचा शोक खरा आहे, फक्त तो माणसापर्यंत पोहोचत नाही. म्हणून हे नाटक हसवते आणि रडवतेही. घर सोडताना रडू नका, असे ते कधीच सांगत नाही. कुलूप लावण्यापूर्वी आत कोण राहिले आहे, ते पाहावे, एवढेच त्याचे मागणे आहे.