रॉजर्स यांचा ‘हं’

बेसा-मानेवाडा रस्त्यावरची वर्दळ ओसरली की मी कानाला हेडफोन लावून कार्ल रॉजर्स ऐकते. या मानवतावादी मानसशास्त्रज्ञाची कागदपत्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेली आहेत. मला मात्र ओढ आहे ती त्यांच्या ‘हं’ची.

समुपदेशन म्हणजे बंद दाराआडची गोष्ट. रॉजर्स यांनी १९४०च्या सुमारास ओहायोत त्या खोलीत ध्वनिमुद्रणयंत्र नेलं. तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत भरायची, की लगेच दुसरी. त्यातून १९४२च्या त्यांच्या पुस्तकात ‘हर्बर्ट ब्रायन’ या टोपणनावाच्या माणसाच्या आठ भेटी शब्दशः छापल्या गेल्या. समुपदेशक कुठे घाई करतो, कुठे समोरच्याच्या भावनेला बगल देतो, हेही टिपांमध्ये नोंदवलेलं. आपल्या विद्येचं असं उघड परीक्षण मांडणं मला फार मोठं वाटतं.

पण रस आहे तो १९६४मध्ये चित्रित झालेल्या, ग्लोरिया नावाच्या स्त्रीसोबतच्या रॉजर्स यांच्या समुपदेशनाच्या अर्ध्या तासात. रॉजर्स यांचं प्रास्ताविक पहिल्या वेळी सोडून द्यावं. ते सिद्धान्त सांगतं, आणि सिद्धान्त पुढे आपोआप ऐकू येतो. घटस्फोट झालेली ही आई, आपल्या नात्यांबद्दल लहान मुलीशी खोटं बोलल्याची तिला टोचणी आहे. खरं सांगू का, असं ती थेट विचारते. आपल्याकडे एव्हाना मावशी, काकू, शेजारीण असे तीन सल्ले पडले असते. रॉजर्स उत्तर देत नाहीत. देता आलं असतं तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं काही बोलतात, आणि तिला नेमकी तीच भीती होती. ती चिडते, पुन्हा विचारते. ते प्रश्नापासून हलत नाहीत, तिच्यापासूनही नाही. मग त्यांचा ‘हं’ येतो: होकार नाही, नकार नाही, फक्त ‘पुढे बोल, मी आहे’ इतकंच. तिचं वाक्य अर्ध्यात थांबतं, वळतं, आणि हळूहळू ती स्वतःचंच म्हणणं पारखू लागते.

शेवटाकडे ती म्हणते, तुमच्यासारखे वडील हवे होते. ती चांगली मुलगी वाटते, असं ते सांगतात. इथे भावसंक्रमणाचा, म्हणजे जुन्या नात्यातली भावना समुपदेशकाकडे वळण्याचा, अर्थ उलगडायला हवा होता, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. तिने वडिलांची माया मागितली होती. त्या क्षणी तिच्यापुढे विश्लेषण ठेवणं म्हणजे तिला परत एकटं पाडणं होतं.