अकिलीजचा कोप

‘इलियड’चा पहिलाच शब्द अनुवादकाची वाट अडवितो. ‘मेनिस’ हा तो शब्द. होमर तो प्रायः देवांच्या रोषासाठी योजतो आणि माणसांत जवळजवळ एकट्या अकिलीजसाठी. मराठीत ‘राग’ त्याला अगदीच घरगुती ठरतो. ‘क्रोध’ षड्रिपूंच्या यादीत जाऊन बसल्यामुळे नायकाला आरंभीच दोषी ठरवितो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ‘मन्यु’ अर्थाने निकटचा. परंतु तो आज आपल्याला ‘अभिमन्यू’ या नावात तेवढा भेटतो. मला ‘कोप’ त्यातल्या त्यात बरा वाटतो. कोप देवाचा होतो, आणि तो झाला की अपराध्याबरोबर सारा गाव भोगतो. येथेही आगामेम्नॉनने ब्रायसीसला हिरावून नेले म्हणून अकिलीज युद्धातून अंग काढून घेतो, आणि मरतात ते त्याचेच सोबती.

हा केवळ शब्दाचा घोळ नव्हे. आमच्या जबलपुरात मराठी घरातील वाचकाच्या हाती दिनकरांचे ‘रश्मिरथी’ (१९५२) आणि शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ (१९६७) ही दोन्ही पुस्तके येतात. असा वाचक ‘इलियड’कडे वळला की अकिलीजमध्ये त्याला कर्णच दिसू लागतो: अवमानित, अल्पायुषी, देवाच्या अंशाचा. साम्य खरे आहे, पण ते अर्ध्या वाटेवर संपते. कर्ण उपकाराला आणि दिल्या शब्दाला बांधलेला आहे. अकिलीज ज्या सन्मानासाठी लढला त्याचेच मोल तो नवव्या सर्गात तपासू लागतो. ७ तिवया, २० हंडे, १२ घोडे आणि आणखी पुष्कळ काही देऊ करीत दूत येतात. शूर काय आणि भ्याड काय, दोघांना मरण सारखेच. मग ही मोजदाद कशासाठी, असा त्याचा सवाल आहे. कर्ण दुर्योधनाला असा सवाल करीत नाही.

दोघांकडेही शत्रूचे जन्मदाते याचक होऊन येतात. कुंतीला कर्ण चार पुत्रांचे अभय देतो. पण ती त्याची माता आहे, हे तो जाणतो. प्रायमचे अकिलीजशी कसलेच नाते नाही. ज्या हातांनी हेक्टरला मारले त्यांचेच चुंबन तो वृद्ध राजा घेतो, आणि दोघे रडतात: प्रायम पुत्रासाठी, अकिलीज दूर राहिलेल्या पित्यासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. दुःख एकाच तंबूत, पण ज्याचे त्याचे.

तरीही त्याचा कोप पुरता निवलेला नसतो. प्रेताला स्नान घालायचे ते प्रायमच्या दृष्टीआड, असे तो दासींना बजावतो. कारण मुलाला पाहून म्हातारा भडकला, तर आपला हात आवरणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. मला अकिलीजचे आकर्षण याच आज्ञेत दिसते. त्याच्या करुणेला स्वतःच्या हाताचे भय आहे. ‘संतापी वीर’ म्हणून त्याची बोळवण करणारे चोविसाव्या सर्गापर्यंत पोहोचतच नसावेत.

मग तो अंत्यविधीला किती दिवस हवेत ते विचारतो, आणि तितके दिवस युद्ध थांबविण्याचे वचन देतो. काव्य संपते ते हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर. अकिलीजचे मरण होमर दाखवीत नाही.