वाट पाहणारं गद्य

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची देशभर 122 कार्यालयं आहेत. त्यातलं प्रत्येक कार्यालय दिवसातून निदान दोनदा, पहाटे चारच्या सुमाराला आणि दुपारी चारच्या सुमाराला, आपापल्या भागाच्या हवेबद्दल एक टिपण प्रसिद्ध करतं. त्याचं नाव ‘एरिया फोरकास्ट डिस्कशन’. फोनवर आपल्याला ढगाचं चित्र आणि एक आकडा दिसतो. तो आकडा का दिला, कशावर भरवसा ठेवला, कशावर ठेवला नाही, आणि पाय कुठे घसरू शकतो, हे सगळं या टिपणात असतं. लिहिणारा रात्रपाळीचा हवामानतज्ज्ञ. वाचणारे वैमानिक, बर्फ उपसणाऱ्या गाड्यांचे मुकादम, शाळांचे अधिकारी, आणि माझ्यासारखे हवेचे नादी. बर्फ पडेल की नाही अशा दिवसांत मी ते रोज वाचतो. हे उत्तम गद्य आहे असं माझं मत झालं आहे, आणि त्याच्याकडे कुणी गद्य म्हणून पाहत नाही याची मला खंत वाटते.

आधी त्याचं रूप पाहावं. 11 मे 2016 पर्यंत हा सगळा मजकूर फक्त मोठ्या इंग्रजी अक्षरांत निघायचा. टेलिप्रिंटरच्या काळातली ती सवय, यंत्रं गेली तरी राहिलेली. स्वल्पविरामाच्या जागी पुष्कळदा तीन टिंबं असायची. वादळाच्या आदल्या दिवशीचं जुनं टिपण वाचताना ती टिंबं मला फार बोलकी वाटतात. वाक्य थोडं पुढे जातं, थबकतं, पुन्हा निघतं. अंधारात हातातली काठी टेकत माणूस चालावा तसं. पुढे अक्षरं लहान झाली, टिंबं कमी झाली, चाल मात्र तीच राहिली. अगदी शेवटी डॉलरची दोन चिन्हं येतात आणि त्याखाली लिहिणाऱ्याचं आडनाव किंवा नुसती आद्याक्षरं. सरकारी कागदाखाली सही असतेच, पण ‘मला खात्री नाही’ असं सविस्तर लिहून त्याखाली नाव घालणं मी इतरत्र क्वचितच पाहिलं आहे.

आता शब्द. या गद्याचा सगळा कस शक्यतेच्या शब्दांत आहे. ‘स्लाइट चान्स’ म्हणजे 20 टक्के. ‘चान्स’ म्हणजे 30 ते 50. ‘लाइकली’ म्हणजे 60 ते 70. आणि 80 टक्के किंवा त्याच्या वर गेलं की शब्दच गळून पडतो. उरतं नुसतं ‘स्नो’. खात्री दाखवायला हे गद्य जोरकस विशेषण शोधत नाही, आधी ठेवलेलं विशेषण काढून घेतं. आदल्या टिपणात ‘चान्स’ होता आणि आज तो जागेवर नाही हे लक्षात येतं तेव्हा जी थरथर होते, ती एखाद्या जाणकार श्रोत्याला गायकाने अपेक्षित स्वर मुद्दाम वगळल्यावर होते तशी असते.

मराठी वाचकाला हा हिशेब अगदीच अनोळखी नाही. आपल्याकडच्या बातमीपत्रातलं ‘तुरळक ठिकाणी’ हेही मापाचंच असतं: विभागातल्या चौथाई किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. त्याच्याही आधी पंचांगातली वाहनं होती. मृगाचं वाहन बेडूक निघालं की घरात हसू, उंदीर निघाला की बाप गप्प. तिथे मात्र खात्री आणि शंका यांना वेगवेगळे शब्द नव्हते. बेडूक म्हणजे पाऊस, संपलं. ‘पाऊस येईल असं वाटतं, पण अमुक एका कारणाने हुकेल’ असं म्हणायची सोय वाहनांत नाही. मला या टिपणांची ओढ लागली ती याच ‘पण’पायी.

मी राहतो एडिसनला, न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत. आमचा अंदाज माउंट हॉलीचं कार्यालय लिहितं. शेजारची युनियन काउंटी गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर, तिचा अंदाज लाँग आयलंडवरच्या अप्टनच्या कार्यालयाकडे. प्रसिद्ध करण्याआधी दोघं एकमेकांशी बोलतात, आकडे जुळवून घेतात. तरी दोन हातांचं अक्षर वेगळं दिसतंच. बर्फाच्या आदल्या रात्री मी दोन्ही वाचतो. एकाने जिथे ‘बदल करण्याइतकं कारण दिसत नाही’ अशा अर्थाचं लिहिलं असतं, तिथेच दुसऱ्याने आकडा इंचभराने वाढवलेला असतो. त्या इंचभर फटीत उत्सुकता वस्तीला असते.

आणि फट पडणं साहजिक आहे, कारण या किनाऱ्यावरचा बर्फ फार थोडक्यावर तोललेला असतो. कमी दाबाचं केंद्र किनाऱ्याच्या कडेने उत्तरेला सरकतं, वारे ईशान्येकडून येतात, म्हणून या वादळांना ‘नॉरईस्टर’ म्हणतात. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा थर शून्याच्या वर गेला की वरून निघालेलं हिम वाटेतच वितळतं आणि आपल्याला मिळतो नुसता गार पाऊस. केंद्र किनाऱ्याला चिकटून गेलं तर समुद्राची ऊब आत येते. फार बाहेरून गेलं तर ओलावाच पोचत नाही. नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला, 40 अंश उत्तर आणि 70 अंश पश्चिम, असा एक बिंदू आहे. नादी लोक त्याला ‘बेंचमार्क’ म्हणतात. उघड्या समुद्रातली ती जागा, तिथे खांब नाही की दिवा नाही. पण वादळ तिच्यावरून गेलं तर न्यूयॉर्कपासून बोस्टनपर्यंतची शहरं पांढरी होण्याचा संभव सगळ्यांत मोठा. माझ्या ओळखीचे किती तरी जण हिवाळाभर मनाने त्या बिंदूवरच उभे असतात.

रात्रीचं वेळापत्रकही ठरलेलं. संध्याकाळी सातची निरीक्षणं यंत्रांत जातात. साडेदहाच्या सुमाराला अमेरिकी मॉडेलचे नकाशे उमटू लागतात, युरोपीय मॉडेलचे रात्री एकच्या आसपास. युरोपवाले एकच रात्र किंचित वेगळ्या सुरुवातीनिशी 51 वेळा चालवून पाहतात, अमेरिकावाले 31 वेळा. त्या ब्याऐंशी रात्रींपैकी काहींत आमच्या अंगणात फूटभर हिम असतं, काहींत गवत. पडद्यावर एकेक नकाशा उघडत जावा आणि प्रत्येकात आपलं गाव वेगळ्या रंगात दिसावं, हा अनुभव मी कुणाला नीट समजावू शकलेलो नाही. नाट्यशास्त्रात 33 व्यभिचारी भाव सांगितले आहेत. त्यांतले शंका, चिंता, औत्सुक्य, मती, धृती, वितर्क हे सगळे रात्री साडेदहा ते एकच्या दरम्यान येऊन जातात. वितर्क मला त्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो: असं होईल का, की तसं होईल, या दोन टोकांमधलं मनाचं हेलपाटणं. पहाटेचं टिपण म्हणजे वितर्काला मिळालेली भाषा. लिहिणाऱ्याने तेच 82 नकाशे पाहिलेले असतात. फरक इतकाच की त्याला आशेने पाहायची मुभा नाही.

26 जानेवारी 2015 ची रात्र मी विसरणार नाही. न्यूयॉर्कला दोन फुटांचा अंदाज होता. बर्फासाठी शहराची भुयारी रेल्वे इतिहासात पहिल्यांदाच बंद ठेवली गेली, रस्ते वाहनांना बंद झाले. युरोपीय मॉडेल वादळ पश्चिमेला, आमच्याकडे ओढत होतं. अमेरिकी मॉडेल त्याला समुद्राकडे ठेवत होतं. युरोपीय मॉडेलची पत मोठी, कारण 2012 साली सँडी चक्रीवादळाचं किनाऱ्याकडचं वळण त्याने आठवडाभर आधी दाखवलं होतं. बहुतेकांनी त्याच्याच बाजूने कौल दिला. वादळ शंभराच्या आसपास किलोमीटर पूर्वेकडून निघून गेलं. लाँग आयलंडवरच्या आयस्लिपला 24.9 इंच, बोस्टनला 24.6, वूस्टरला 34.5. मॅनहॅटनच्या सेंट्रल पार्कात 9.8. आणि फूटभराची वाट पाहणाऱ्या फिलाडेल्फियात जेमतेम इंचभर. आमच्या अलंकारशास्त्रात संकेतस्थळी येऊन थांबलेल्या आणि प्रियकर न आल्याने फसलेल्या नायिकेला विप्रलब्धा म्हणतात. त्या पहाटे किनाऱ्यावरची कोट्यवधी माणसं विप्रलब्धा होती.

पण त्या रात्रीचा मला सर्वांत आवडणारा मजकूर अंदाजाचा नाही. माउंट हॉली कार्यालयाचे तेव्हाचे प्रमुख गॅरी सॅटकोव्स्की यांनी पहाटेच्या आत ट्विटरवर जाहीर माफी मागितली. तुम्ही आमच्यावर विसंबून अवघड निर्णय घेतलेत, आमचं चुकलं, क्षमा असावी, असा त्याचा आशय. कारणांची ढाल नव्हती, मॉडेलवर खापर नव्हतं. ज्या परंपरेत टिपणाखाली स्वतःचं नाव घालायची रीत आहे, त्या परंपरेतलाच माणूस असं लिहू शकतो. त्याच दिवशी हवामान सेवेचे संचालक लुई उसेलिनी यांनीही अनिश्चितता अधिक नीट सांगायला हवी होती असं कबूल केलं. या उसेलिनींनी पॉल कोसिन यांच्याबरोबर ‘नॉर्थईस्ट स्नोस्टॉर्म्स’ हा दोन खंडांचा ग्रंथ 2004 साली प्रसिद्ध केला होता. या किनाऱ्यावरच्या हिमवादळांचा इतका अभ्यास असलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं वजन वेगळं.

उलट घडल्याचंही उदाहरण आहे. 25 जानेवारी 2000 ला जवळजवळ न सांगता आलेल्या वादळाने नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलीला वीस इंच बर्फ टाकला. वाटच पाहिली नव्हती, म्हणून त्याचा आनंद मला थोडा अर्धवट वाटतो.

आता कार्यालयं तीन नकाशे शेजारी शेजारी देतात. मधला अपेक्षित, डावीकडचा ‘निदान इतकं तरी’, उजवीकडचा, दहात एखाद्याच वेळी घडेल असा मोठा आकडा. बरेच लोक उजवीकडचा नकाशा पाहून निघून जातात, आणि तोच नातेवाइकांना पाठवतात. खरा वाचक डावीकडून सुरुवात करतो. तिथे शून्य असेल तर समजावं की वादळ अजून समुद्राच्या ओढीत आहे. तीन नकाशांमधलं अंतर कमी होत जाताना पाहणं, म्हणजे विलंबित लय हळूहळू आवळली जाताना ऐकणं.

मोजण्यातही असाच कस आहे. मी अंगणात दोन फूट चौरस पांढरी रंगवलेली प्लायवुडची फळी ठेवतो. पांढरी अशासाठी, की ऊन शोषून खालून वितळू नये. दर सहा तासांनी मोजायचं, दशांश इंचापर्यंत, आणि फळी पुसून पुन्हा ठेवायची. दर तासाला पुसलं तर बेरीज फुगते, कारण हिमाला स्वतःच्या वजनाने दबायला वेळच मिळत नाही. दशांशाची किंमत कळायची असेल तर जानेवारी 2016 आठवावा. सेंट्रल पार्कात 26.8 इंचांची नोंद झाली. 2006 सालचा विक्रम 26.9 होता. एका दशांशाने हुकला म्हणून हळहळ झाली. तीन महिन्यांनी तपासणीत आकडा कळवताना चूक झाल्याचं निघालं, दुरुस्त नोंद 27.5 झाली आणि विक्रम मोडला. वितळून गेलेलं हिम कागदावर सात दशांशांनी उंच झालं.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रात्री मी असाच जागा होतो. एकचे नकाशे दोन बाजूंना ओढत होते. दुपारच्या टिपणात आमच्या काउंटीसाठी ‘चान्स’ होता. पहाटे चारचं टिपण आलं तेव्हा मी आधी समुद्राचा परिच्छेद वाचला, मग वैमानिकांचा, आणि सगळ्यांत शेवटी आमचा. हवा तो शब्द चटकन पाहू नये, त्याच्याभोवतीची वाक्यं आधी पचवावीत, ही सवय मी लावून घेतली आहे. ‘चान्स’च्या जागी ‘लाइकली’ आलं होतं. पुढच्याच वाक्यात लिहिणाऱ्याने बजावलं होतं की दीड किलोमीटरवरचा तो ऊबदार थर अजून नीट कळलेला नाही. खाली दोन डॉलर, आणि एक आडनाव.

कराडजवळच्या आमच्या गावी तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. आईचा फोन आला.

“पडला का रे बर्फ?”

“नाही अजून. म्हणतायत पडेल. पण वरची हवा गरम झाली तर नुसता पाऊस.”

ती क्षणभर गप्प राहिली. तिचं सगळं आयुष्य शेताच्या बांधावर आभाळ बघण्यात गेलेलं. “वारा कुठला आहे?” तिने विचारलं.

मी खिडकीशी गेलो. समोरच्या घराच्या ओसरीला लावलेला झेंडा नैर्ऋत्येकडे ताणला गेला होता. अंगणातली फळी अजून कोरडी होती.

“ईशान्येचा.”

“मग झोपू नकोस,” आई म्हणाली.